निसर्ग घरात आणायचा म्हणजे कुठे ठेवायचा?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत 'निसर्गस्नेही घर : काळाची गरज' असा एक विषय होता. भाषणे चांगली झाली, टाळ्याही पडल्या. परंतु बहुतेक वक्त्यांच्या डोळ्यांसमोर एकच घर उभे होते, आणि ते घर मी मासिकांच्या रंगीत पानांवर व मोबाईलच्या पडद्यावर पुष्कळदा पाहिलेले आहे. मातकट रंगाची भिंत, वेताची खुर्ची, तागाचा गालिचा, छताला टांगलेला बांबूचा दिवा, कोपऱ्यात मोठ्या पानांचे परदेशी झाड आणि खिडकीतून येणारे कोवळे ऊन. त्या चित्रात माणूस क्वचितच असतो; असला तर हातात पुस्तक घेऊन निवांत बसलेला असतो. भांडी घासणारे, धान्य निवडणारे, डबा भरणारे किंवा खोकणारे कोणी त्या घरात राहतच नाही. ज्वारीची पोती कुठे ठेवतात, पावसाळ्यात ओले कपडे कुठे वाळतात, चार पाहुणे आले तर कोण कुठे झोपते, याचा त्या चित्रात पत्ता नसतो.

मला या आवडीची थट्टा करायची नाही. सगळीकडे प्लॅस्टिक आणि चकचकीत फरशा दिसू लागल्यावर माणसाला माती आणि लाकूड हवेसे वाटावे, हे स्वाभाविक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. घराच्या अंतर्भागात निसर्ग आणायचा म्हणजे त्याचा रंग आणायचा, की ऊन, वारा आणि पाणी यांच्याशी त्या घराने नीट व्यवहार करायचा? आणि दुसरा प्रश्न मला याहूनही मोठा वाटतो : या व्यवहाराची किंमत घरातले कोणते माणूस भरते?

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला किती, असे कोणी विचारील. मी स्थापत्याची विद्यार्थिनी नाही. माझे विषय भूगोल आणि समाजशास्त्र. परंतु आम्ही सहा माणसे २५० चौरस फुटांच्या घरात राहतो, आणि या वर्षी त्या घराला मागच्या बाजूने बारा बाय चौदाची एक खोली जोडायची ठरली आहे. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मोजमापे कागदावर उतरवण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले, आणि त्या कागदावरून गेले दोन महिने आमच्या घरी जी चर्चा चालली आहे, तिच्यापुढे आमची वक्तृत्व स्पर्धा अगदीच सपक होती असे म्हणावे लागेल.

आमचे गाव भूकंपग्रस्त. आम्ही राहतो ते पुनर्वसित गाव आहे; जुने गाव तिथून दीड-दोन किलोमीटरवर, बाभळींखाली. खोलीला आतून मातीचा गिलावा करावा, तो थंड राहतो, असे मी पहिल्याच दिवशी सुचवले. आजी धान्य निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मातीखाली गेली आपली मानसं, आन् तू मला माती सांगतीस व्हय गं?"

या वाक्याला कोणत्याही रंगीत मासिकात उत्तर नाही. परंतु उत्तर शोधायला हवे, कारण आमच्या भागातल्या कितीतरी घरांची रचना आजसुद्धा या एका वाक्यावर ठरते.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनाच्या रात्री, पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. ती बहुतेक आपापल्या घरांच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. तेव्हापासून आमच्याकडे 'मातीचे घर' या शब्दाला एक भीती चिकटली आहे. मी पुढे जे लिहिते आहे ते या भीतीला खोटे ठरवण्यासाठी नाही. पण ती भीती नेमकी कशाची असावी, हे तपासण्याचा हक्क माझ्या पिढीला आहे असे मला वाटते.

जुन्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, काही तर त्याहूनही जाड. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, आणि मध्ये लहानसहान दगड व माती भरलेली. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड बहुधा घातलेलेच नव्हते. वर लाकडी तुळयांवर मातीचे माळवद. पावसाळ्यात ते गळू लागले की त्यावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर पडे. दुसऱ्या वर्षी आणखी एक. असे करता करता माळवद फूट-दीड फूट, क्वचित त्याहूनही जाड होई. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि वरचे ओझे खाली आले. म्हणजे दोष मातीत नव्हता. न बांधलेल्या दगडांत आणि दरवर्षी वाढत गेलेल्या वजनात होता. हे मी आजीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "आसंल." मला तेवढे पुरे वाटले.

आता त्याच घरांची दुसरी बाजू. त्या जाड भिंतींमुळे दुपारचे ऊन आत पोचायला रात्र होत असे, आणि रात्री माणसे अंगणात किंवा माळवदावर झोपत. छपराला एक साणे ठेवलेले असे. त्यातून उजेड येई आणि धूर बाहेर जाई. भिंतीतच कोनाडे, दिवळ्या, खुंट्या आणि धान्याला बळद. आज ज्याला अंतर्गत सजावट म्हणतात ती भिंत बांधतानाच होऊन जात असे. नंतर विकत आणावे लागे असे फारच थोडे. माझे वडील तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. त्यांना जुन्या घरातली एक गोष्ट पक्की आठवते : मे महिन्यात शाळेला सुटी असताना दुपारी झोपायला सगळी पोरे आतल्या खोलीत जमत, आणि तिथे पंखा नव्हता.

नव्या गावात आम्हांला घर मिळाले. पुनर्वसनाच्या योजनेत ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी हलवली गेली आणि जमिनीच्या मानाने घरे ठरली : भूमिहीनांना व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५० आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. आम्ही पहिल्या गटातले. ते घर भक्कम आहे, आणि त्या काळी ते मिळाले नसते तर आमचे काय झाले असते याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही त्या घरात तीस वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या कुटुंबाला त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार असलाच पाहिजे.

काँक्रीटच्या पातळ भिंती, वर स्लॅब. एप्रिल लागला की स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर आमच्यावर ओततो. आतल्या भिंती सरळसोट. एक कोनाडा नाही, एक खुंटी नाही, धान्याला जागा नाही. परिणामी प्रत्येक वस्तू जमिनीवर आली. पोती जमिनीवर, वाकळांची घडी जमिनीवर, पुस्तके पत्र्याच्या पेटीवर, पेटी जमिनीवर. ज्या घरात जमीनच सहा माणसांना पुरत नाही, त्या घरात भिंती रिकाम्या उभ्या! मग आम्ही भिंतीत खिळे ठोकले. काँक्रीटमध्ये खिळे वाकतात. मग लोखंडी मांडणी आणली, प्लॅस्टिकचे डबे आणले. स्वयंपाकाचा धूर आत कोंडतो म्हणून मागे पत्र्याचे शेड घातले, आणि आई आता मे महिन्यात दुपारी त्या पत्र्याखाली भाकरी थापते. गॅस आहे, पण तो चहाला आणि पाहुण्यांना. भाकरीला अजून चूल. इथे आमच्या निसर्गप्रेमी वक्त्यांना मी नम्रपणे आठवण करून देते की चूल, गोवरी आणि तिचा धूर हे सर्व अगदी शंभर टक्के नैसर्गिक आहे.

सरकारी घरकुलाची नवी योजना २०१६ साली सुरू झाली. तिच्यात घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर धरले आहे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. इतक्या वर्षांत गरिबाच्या घराचे माप एकोणीस फुटांनी पुढे सरकले. जागा वाढवणे सरकारला जड जात असेल, हे समजू शकते. परंतु एवढ्याच जागेत भिंतीला चार कोनाडे आणि छताजवळ दोन झरोके ठेवायला किती जास्त पैसा लागला असता?

आता सारवणाकडे वळते, कारण माझे खरे भांडण तिथे आहे.

शेणाने सारवलेल्या जमिनीविषयी आपल्या साहित्यात आणि भाषणांत फार प्रेमाने लिहिले-बोलले जाते. ती जमीन पायाला गार लागते, डोळ्यांना शांत वाटते, हे सगळे खरे आहे. पण सारवणारी बाई कशी बसते, हे प्रेमाने बोलणाऱ्यांनी पाहिले आहे का? माझ्या आईने लग्नाआधी माहेरी आणि लग्नानंतर या घराच्या अंगणात व मागच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे सारवले. शेण आणायचे, कालवायचे, उकिडवे बसून मागे मागे सरकत पोतेरे फिरवायचे, हात धुवायला पुन्हा पाणी आणायचे. आणि दोन-चार दिवसांत पोपडे निघाले की पुन्हा पहिल्यापासून. आज तिला जमिनीवर बसून उठता येत नाही. भिंतीचा आधार घेऊन ती उठते. शिवाय आमच्याकडे आता गुरे नाहीत. शेण मागायला दुसऱ्याच्या दारात जावे लागते. अशा घरात 'नैसर्गिक जमीन' ठेवायची असे मी ठरवले, तर तो निर्णय माझा असेल आणि गुडघे तिचे.

म्हणून जमीन शहाबादी फरशीची घ्यायची, असे माझे मत पडले. हा दगड आमच्या शेजारच्या कलबुर्गी भागातला. फार लांबून येत नाही, भट्टीत भाजावा लागत नाही, उन्हाळ्यात गार राहतो, ओल्या फडक्याने उभ्या उभ्या पुसता येतो. दादाला चकचकीत टाइल्स हव्या होत्या. "शहाबादी आता गोठ्यात घालतात," असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे मला समजते. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या ओबडधोबडच आले, त्यांना गुळगुळीत काहीतरी हवेसे वाटले तर त्यात हसण्यासारखे काय आहे? शहरातल्या श्रीमंताने खडबडीत दगड लावला तर ती त्याची अभिरुची ठरते. आम्ही लावला तर ती आमची गरिबी. हा अन्याय फरशीने निर्माण केलेला नाही, आणि टाइल्सने तो मिटणारही नाही. पण दादाला हे पटवून देणे सोपे नव्हते. शेवटी आईनेच निकाल दिला : ओल्या पायाने घसरायला होते ती फरशी नको.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सहलीत आम्ही सेवाग्रामला गेलो होतो, तेव्हा बापूकुटी पाहिली. गांधीजी तिथे १९३६ साली राहायला आले. ही कुटी मुळात मीराबेन यांच्यासाठी बांधलेली. नंतर गांधीजी तिच्यात राहू लागले. मातीच्या भिंती, बांबू, कौले. आत मीराबेननी मातीतच कोरून काढलेली ताडाची झाडे आणि चरखा आहे. त्या घरातली सजावट म्हणाल तर एवढीच, आणि ती भिंतीपासून वेगळी करता येत नाही. इव्हान इलिच नावाच्या विचारवंताने १९७८ साली तिथे येऊन या झोपडीवर भाषण केले होते, असे आमच्या सरांनी सांगितले. माझ्या मात्र दुसरीच वस्तू लक्षात राहिली. तिथे साप पकडायचा लाकडी चिमटा आणि साप ठेवायची पेटी आहे. पकडायचा आणि लांब नेऊन सोडायचा. निसर्गाजवळ राहायचे ठरवले म्हणजे साप येणार हे गृहीत धरून ज्यांनी घरात चिमट्याची सोय केली, त्यांचा निसर्गाविषयीचा विचार मला पक्का वाटला. वेताच्या दिव्याखाली बसलेल्या चित्रातल्या माणसाने असा चिमटा घेतलेला मला कधी दिसला नाही.

लॉरी बेकर यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. इंग्लंडात १९१७ साली जन्मलेला हा वास्तुशिल्पी भारतात आला आणि इथलाच झाला. २००७ साली तिरुवनंतपुरम येथे त्याचे निधन झाले. मुंबईत गांधीजींची भेट झाली तेव्हा, आदर्श घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानाने बांधावे, असा विचार त्यांनी आपल्यापुढे ठेवला आणि तो जन्मभर पुरला, असे बेकर सांगत. विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवायची त्यांची पद्धत प्रसिद्ध आहे. त्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि मधल्या हवेमुळे उष्णता अडते. स्लॅबच्या खालच्या भागात जुनी कौले बसवून सिमेंट वाचवण्याची पद्धतही त्यांनी रूढ केली. सिमेंट वाचवणे ही लहान गोष्ट नाही. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के या एका धंद्यातून बाहेर पडतो.

मी या दोन्ही पद्धती वहीत काढून आमच्या गवंडीकाकांना दाखवल्या. त्यांनी चष्मा लावून त्या बघितल्या आणि विचारले, "पोरी, हे करून आलेला कोन हाय आपल्यात?" प्रश्न बिनतोड होता. जे काम गावातल्या एकाही हाताला येत नाही, ते कागदावर कितीही सुंदर असले तरी भूकंपाच्या पट्ट्यात आपल्या आजीच्या डोक्यावर घालून बघायचे नसते. तेव्हा भिंत साधी विटांची आणि जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर व छताखाली काँक्रीटचे सलग पट्टे, असे ठरले. पट्टे म्हटल्याबरोबर आजीचा चेहरा उजळला. तिला घराचा तेवढाच भाग आवडतो.

पाच मैलांचा हिशेब मीही मांडून पाहिला. आमच्या पाच मैलांत काय आहे? काळा दगड आहे. काळी जमीन आहे, ती पिकाला सोन्यासारखी पण भिंतीला निरुपयोगी, कारण पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. लिंब आणि बाभूळ आहे. आणि तुराट्या आहेत, वाटेल तेवढ्या! आमचा जिल्हा तुरीचा. तूर झोडपून झाली की काटक्यांचे ढीग बांधावर उभे राहतात आणि बहुतेक चुलीत जातात. जुन्या काळी त्यांचा कूड करत. आम्ही मागच्या शेडच्या पत्र्याखाली हातभर अंतर सोडून तुराट्यांचे तट्टे बांधणार आहोत, म्हणजे तापलेला पत्रा थेट आईच्या डोक्यावर राहणार नाही आणि मधल्या फटीतून हवा जाईल. चुलीच्या बाजूला मात्र तट्टे नाहीत; तिथे आगीची भीती आहे. वाळवी लागेल, दोन वर्षांनी बदलावे लागतील, हेही माहीत आहे. बदलण्याचे काम दादाकडे आहे, हे मी कागदावर लिहून घेतले आहे.

भूगोलाच्या तासाला शिकलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडली. लातूर सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला दुपारी सूर्य जवळजवळ बरोबर डोक्यावर असतो. अशा वेळी दक्षिणेच्या आणि उत्तरेच्या भिंतीला फारसे ऊन लागतच नाही. सगळा मारा छतावर, आणि सकाळ-संध्याकाळ पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर. म्हणजे भिंतीला आतून कोणता मातकट रंग द्यायचा यावर आपण जी चर्चा करतो, ती उन्हाच्या दृष्टीने जवळपास व्यर्थ आहे. घर थंड ठेवायचे तर आधी छताकडे बघावे लागेल. छत पांढरे केले तर पुष्कळसे ऊन परत फिरते. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांतली छपरे अशी पांढरी करण्याचा कार्यक्रम राबवला गेला. आमच्या स्लॅबवर दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारायचे, एवढे साधे काम आहे. जुन्या दोन खोल्यांवरसुद्धा ते करता येईल. त्यासाठी भिंत पाडावी लागत नाही की कर्ज काढावे लागत नाही. तीस वर्षे हे आम्हांला कोणी सांगितले नाही, याचे मला मनापासून नवल वाटते.

खोलीचा अंतर्भाग आम्ही असा योजला आहे. पश्चिमेला खिडकी नाही. दक्षिणेला एक मोठी खिडकी, तिच्यावर दीड फुटाचा छज्जा; थंडीत खाली उतरलेले ऊन आत येईल, उन्हाळ्यातले येणार नाही. समोर उत्तरेच्या भिंतीत छताला लागून दोन झरोके, म्हणजे गरम हवेला वाट. दिवसा खिडकी बंद, रात्री सगळे उघडे. हा जुन्या घरांचाच रिवाज. दक्षिणेच्या खिडकीखाली भिंतीच्या लांबीचा बांधीव ओटा, वर कडप्पा. आजीला जमिनीवरून उठण्याऐवजी ओट्यावरून उठता येईल, पाहुण्यांना झोपता येईल, आणि माझा धाकटा भाऊ उजेडात अभ्यासाला बसेल. ओट्याच्या पोटात धान्याच्या कोठ्या, हे आमचे नवे बळद. आतल्या आडभिंतीत सहा कोनाडे. बाहेरच्या भिंतींत नाहीत, कारण त्या पोखरायला गवंडीकाकांचा विरोध आहे. भिंतींना आतून चुन्याचा हात. छताजवळ भिंतभर लाकडी फळी, तिच्यावर वाकळा आणि भांडी. खुंट्या मात्र मी अकरा मागितल्या आहेत. गवंडीकाका म्हणाले, घर हाय का दुकान!

कोपऱ्यातल्या हिरव्या झाडाविषयीही सांगते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर आले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. आमच्याकडे टँकर यायचा, आणि घागर भरून आणताना रांगेतल्या बायका एकमेकींशी एक शब्दही बोलत नसत, ही माझी त्या उन्हाळ्याची आठवण. अशा जिल्ह्यात रोज पाणी मागणारे शोभेचे झाड घरात ठेवणे माझ्या हातून होणार नाही. झाडे बाहेर, मोरीच्या सांडपाण्यावर : एक शेवगा, थोडे अळू, आणि पश्चिमेच्या भिंतीवर चढवलेला दोडक्याचा वेल, म्हणजे त्या भिंतीवर दुपारची सावली. घरात एकच नैसर्गिक वस्तू राहील, ती म्हणजे झरोक्याच्या वाऱ्यात ठेवलेला माठ.

हे सगळे बांधून झाल्यावर खोली मासिकातल्या चित्रासारखी दिसणार नाही. कदाचित कोणाच्या लक्षातही येणार नाही की इथे काही योजलेले आहे. दादाला अजून छताला खाली पीओपी आणि त्यात रंगीत दिवे हवे आहेत. मी त्याला सांगितले आहे की त्याच्या लग्नात मांडवाला लावू. बाबा अद्याप काही बोलत नाहीत. ते बचत गटाच्या कर्जाचे हप्ते मोजत आहेत.

आता माझी एक विनंती आपल्या प्राध्यापकांना आहे. भूगोल विभागाच्या कपाटात तापमापके आहेत. ती वर्षातून एकदा प्रात्यक्षिकाला बाहेर निघतात. येत्या एप्रिल-मे महिन्यात ती विद्यार्थ्यांच्या घरी टांगावीत. कोणाचे पत्र्याचे घर आहे, कोणाचा स्लॅब, कोणाचे कौलारू, आणि जवळच्या गावांत एखादे जुने माळवद अजून उभे आहे. पहाटे, दुपारी दोनला आणि रात्री दहाला अशा तीन नोंदी सगळ्यांनी ठेवल्या, तर पुढच्या वर्षी या अंकात भाषणांऐवजी आकडे छापता येतील. एक छत चुन्याचे आणि शेजारचे बिनचुन्याचे असेही घ्यावे. पहिले तापमापक आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावायला आई तयार आहे. आजीने मात्र, माझ्या खाटेपाशी काही टांगायचं नाही, असे आत्ताच बजावून ठेवले आहे.